पीएचपी फॉर्म मराठी नाव का नाकारतो? स्ट्रिंग फंक्शन्स आणि रेग्युलर एक्स्प्रेशन

ऑनलाइन अर्जात मराठीत नाव लिहिलं की कधीकधी ‘नाव चुकीचे आहे’ असा लाल संदेश येतो. चूक नावात नसते, तर नाव तपासणाऱ्या कोडमध्ये असते. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये जाहीर केलेली पीएचपी ही भाषा आजही असंख्य वेबसाइट्स चालवते. तिच्यात मजकूर हाताळायची दोन साधनं आहेत : स्ट्रिंग फंक्शन्स आणि रेग्युलर एक्स्प्रेशन.

अक्षरं की बाइट?

पीएचपीसाठी स्ट्रिंग म्हणजे बाइटची रांग. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर १ बाइट घेतं, तर देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीही, ३ बाइट घेतं. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर तीन वेगळी उत्तरं मिळतात :

• स्ट्रलेन : १५ (बाइट)
• एमबी_स्ट्रलेन : ५ (म, र, काना, ठ, वेलांटी)
• ग्राफीम_स्ट्रलेन : ३ (म, रा, ठी)

मजकूर कापतानाही हाच घोळ होतो. सबस्ट्रने पहिले ४ बाइट घेतले, तर ‘म’ नंतर एक तुटका बाइट उरतो आणि स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. एमबी_सबस्ट्रने २ चिन्हं घेतली, तर काना गळून ‘मर’ उरतं! वाचकाला दिसतात ती अक्षरं हवी असतील तर ग्राफीम_सबस्ट्र वापरावं.

नाव का नाकारलं जातं?

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुराचा साचा. प्रेग_मॅच हे फंक्शन मजकूर त्या साच्यात बसतो का, ते पाहतं. अनेक फॉर्ममध्ये नावासाठी ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हा साचा असतो. शेवटी ‘यू’ हा मॉडिफायर नसेल तर देवनागरी अक्षरं ओळखलीच जात नाहीत. ‘यू’ लावला की ‘म’, ‘र’ चालतात, पण काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये अक्षर नसून ‘मार्क’ या गटात येतात. म्हणून ‘रमण’ पास होतो आणि ‘राम’ नापास! उपाय सोपा आहे : साच्यात युनिकोडचे ‘लेटर’ आणि ‘मार्क’ हे दोन्ही गट घ्यायचे.

अंकांचा सापळा

‘यू’ लावल्यावर ‘बॅकस्लॅश डी’ मराठी अंकही स्वीकारतो. म्हणजे ‘४११०३०’ हा पिनकोड तपासणीत पास होतो, पण त्याचं पूर्णांकात रूपांतर केलं की ० मिळतो. त्यामुळे तपासणीआधीच एसटीआरटीआर फंक्शनला अंकांच्या जोड्यांचा ॲरे देऊन मराठी अंक इंग्रजीत बदलून घ्यावेत.

लक्षात ठेवा

• फक्त शब्द शोधायचा असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशनची गरज नाही. पीएचपी ८ पासून एसटीआर_कंटेन्स पुरेसं आहे.
• प्रेग_मॅच जुळल्यास १, न जुळल्यास ० आणि बिघाड झाल्यास फॉल्स देतं. ० आणि फॉल्स यांतला फरक तीन बरोबर-चिन्हांनी तपासावा.
• जुनी एरेग फंक्शन्स पीएचपी ७ मध्ये काढून टाकली आहेत.

फॉर्म सुरू करण्याआधी ‘ज्ञानेश्वर’, ‘कऱ्हाडे’ अशी जोडाक्षरी नावं टाकून पाहावीत. ती अडली, तर साचा बदलावा. नाव बदलायला कुणालाही सांगू नये.