कळेला अक्षर ठाऊक नसते

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी घरे जुनी आहेत. अशाच एखाद्या घरातील विद्यार्थी लिनक्स संगणकाला बाहेरचा कळफलक जोडतो. त्याला ‘दऱ्या’ लिहायचे असते, पण पडद्यावर ‘दर्या’ उमटते. ‘कळफलक बिघडला,’ असा निष्कर्ष लगेच निघतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

कळफलक अक्षर पाठवतच नाही. तो केवळ कळेचा क्रमांक पाठवतो. यूएसबीच्या नियमावलीत रोमन ‘ए’ छापलेल्या कळेचा क्रमांक ४ आहे. लिनक्सचा गाभा त्याचे रूपांतर स्वतःच्या ३० या क्रमांकात करतो. त्यातून ‘ए’ उमटावा की ओकाराची मात्रा, हे त्यानंतर निवडलेला आराखडा ठरवतो.

हा मराठीला उपयोगी पडणारा आराखडा म्हणजे इन्स्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने तो १९८६ साली प्रमाणित केला. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला समान असल्याने स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आली आणि मराठी, बंगाली, तेलुगू या सर्वांचा ‘क’ एकाच कळेवर बसला. भारतीय लिप्या संगणकावर आणणारे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये घडले. त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते देशभर नेले.

१९९१ हे वर्ष विलक्षण ठरले. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे आयएस १३१९४ हे मानक, युनिकोडची पहिली आवृत्ती आणि लिनक्स ही तिन्ही त्याच वर्षीची. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या भारतीय संकेतावरून घेतली आणि तीत ‘ऱ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले.

या एका स्थानावर मराठीतील अर्थभेद टिकून आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना वंदन करावे. स्वयंपाकाचे काम सांगायचे ते आचाऱ्यांना. इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’च्या कळेवर ‘र’ आहे; शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. त्यानंतर ‘डी’च्या कळेवरचा हलन्त आणि मग ‘य’ दाबला की ‘ऱ्य’ तयार होतो.

म्हणून दोष शोधण्याचा क्रमही हाच असावा. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने जोडणी दिसते का ते पाहावे. ‘ईव्हीटेस्ट’ने कळेचा क्रमांक गाभ्यापर्यंत पोहोचतो का ते तपासावे. क्रमांक पोहोचत असेल, तर कळफलक निर्दोष आहे. मग आराखडा पाहावा, आणि तोही बरोबर असेल, तर आपलीच बोटे.

तात्यापाऱ्यात मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी शेजारी नांदतात. तिघींची लिपी एकच. अशा ठिकाणी ‘चालतंय’ म्हणून ‘दर्या’ तसेच ठेवले, तर यंत्राचे काही बिघडत नाही. बिघडते ती मराठी. आणि तीही यंत्राने सोय करून ठेवलेली असताना.