पुनर्किरणोपचार (डोके व मानेचा कर्करोग)
डोके व मानेचा कर्करोग पूर्वी किरणोपचार झालेल्या जागीच उलटला, तर तेथे पुन्हा किरण देणे म्हणजे पुनर्किरणोपचार. शस्त्रक्रिया शक्य असल्यास पहिला मान तिचाच. निरोगी ऊतींवरील आधीच्या मात्रेचा परिणाम पुरता ओसरत नसल्याने जबड्याचे हाड मृत होणे, गिळणे कठीण होणे, क्वचित कॅरॉटिड धमनी फुटणे, हे धोके वाढतात. म्हणून हा उपचार टाळावा, असा आक्षेप आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, 130 रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचारासह तो दिल्यावर रोगमुक्त काळ वाढला. एकूण आयुष्य वाढल्याचे मात्र दिसले नाही. आक्षेपात तथ्य आहेच. तरीही वाढती गाठ श्वास आणि घास दोन्ही अडवते, त्यामुळे तिला रोखणे हाही मोठाच लाभ होय. पहिल्या उपचाराला दोन वर्षे उलटलेल्या, लहान गाठ व बरी प्रकृती असलेल्या निवडक रुग्णांसाठी तो समर्थनीय ठरतो.