घरच्या घरी गोधडी : कापड कसे निवडावे, टाका कसा घालावा, नक्षी कोणती करावी

भिवंडी : भिवंडी, निजामपुरा म्हणजे यंत्रमागाचा इलाखा. कापडाचे तुकडे, चिंधी इथे सहज मिळते. त्यामुळे जुन्या लुगड्यांऐवजी आता कोऱ्या तुकड्यांचीही गोधडी शिवतात. पण कापड नीट पारखले नाही, तर पंधरा-वीस दिवसांची मेहनत पहिल्याच धुण्यात गोळा होते. कुठे गोधडी, कुठे वाकळ. नाव बदलले तरी शिवायची रीत बरीचशी सारखीच आहे.

कापड आधी पारखा

मागावरून थेट आलेल्या ग्रे कापडात सायझिंगची कांजी असते. ते रात्रभर पाण्यात भिजवा, धुवा, वाळवा आणि मगच कापा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही एकत्र शिवले की चुण्या पडतात.

ओळखायची खूण सोपी आहे. चार दोरे काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळते, त्याची कडक गाठ बनते. बाळाच्या दुपट्याला फक्त मऊ सुतीच वापरा; हूक, बटण, फॉल काढून टाका.

किती कापड लागते?

- साडेपाच मीटरच्या साडीचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात. एकावर एक ठेवले की एका माणसाची, सुमारे पावणेचार फूट रुंद, तीन थरांची गोधडी होते.
- नऊवारी लुगड्याचे पावणेसात फुटांचे चार तुकडे निघतात. दोन-दोन शेजारी जोडले की मोठ्या गोधडीचे दोन थर होतात.
- उन्हाळ्याला तीन थर पुरतात, थंडीला पाच-सहा. त्याहून जास्त घातले तर सुई अडते.

विरलेले कापड मधल्या थरात घाला. वर आणि खाली मजबूत कापड हवे.

टाका असा घाला

1. सपाट जमिनीवर थर अंथरा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा.
2. मधून कडेकडे हात फिरवत चुण्या बाहेर काढा. त्याच दिशेने लांब कच्चे टाके घाला.
3. कडा आत दुमडून शिवून घ्या.
4. आता एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करा. कडेकडेने चारी बाजू फिरत, बोटभर अंतर ठेवून आत आत या. शेवट मध्यावर होतो.
5. टाका तांदळाच्या दाण्याएवढा ठेवा. दोरा जास्त ओढू नका. शेवटी कच्चे टाके उसवा.

ओळी जवळ असतील तर थर सरकत नाहीत. एखादा टाका तुटला तरी बाकीच्या ओळी कापड धरून ठेवतात.

नक्षी

*उभ्या ओळी :* नवशिक्यांसाठी सर्वात सोपी. दुपट्यापासून सुरुवात करावी.

*चौकटीत चौकट :* वर सांगितलेल्या फिरत्या टाक्याने ती आपोआप उमटते.

*ठिगळांची चौकट :* चार बाय सहा फुटांच्या गोधडीला सहा इंची 96 चौकोन लागतात. कडा दुमडायला प्रत्येक तुकडा सात इंची कापा. चौकोनाऐवजी दोन रंगांचे त्रिकोण जोडले तर आणखी उठाव येतो.

*कोपऱ्याची फुले :* शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. तीही कडेकडून आत शिवली जाते. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. त्याशिवाय कवंदी उघडी समजतात.

दुसऱ्याची शिवायला घेताना

लांबी-रुंदी, थर किती, ओळींतले अंतर आणि दोरा कुणाचा, हे आधीच ठरवून घ्या. अर्ध्या बोटाच्या अंतराने शिवायचे तर ओळी दुप्पट होतात, म्हणजे कामही दुप्पट. मजुरी त्याच हिशोबाने सांगा.

निगा

ओली गोधडी फार जड होते. एकाच दोरीवर लटकवली तर टाके ताणतात. दोन दोऱ्यांवर पसरून किंवा खाटेवर, कडक उन्हात वाळवा. पावसाळ्याआधी पूर्ण वाळवूनच घडी घाला.