वाळूच्या ट्रेमध्ये नक्की कोण बोलतं? खेळणी, भावना आणि एका संशोधनपद्धतीचा इतिहास

मागच्या वर्षी पायलट स्टडीसाठी मी एका बालवाडीत जात होते. टेबलावर वाळूचा पसरट ट्रे, शेजारच्या टोपलीत छोटी खेळणी, आणि कोपऱ्यात वही घेऊन मी. चार वर्षांच्या एका मुलाने लाल बस उचलली, वाळूत खड्डा केला, बस आत ठेवली आणि वरून वाळू लोटून ती पूर्ण बुजवून टाकली. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर आहेत हे मला माहीत होतं. मी लगेच वहीत लिहिलं : 'वडिलांपासून दुरावा. राग?'

गाईड मॅडमनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "हे त्याने सांगितलं, की तू?"

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाला विचारलं, "त्या दिवशी बस कुठे गेली होती रे?" तो म्हणाला, "झोपली होती. डेपोत. पहाटे जायचं असतं ना तिला."

खरं सांगते, मला घाम फुटला. आणि मग मी या पद्धतीचा इतिहास वाचायला घेतला. आज तो तुमच्यासमोर ठेवते, कारण 'संवेदी खेळण्यांतून मुलं भावना व्यक्त करतात' हे वाक्य आपण प्रपोजलमध्ये सहज लिहून टाकतो. पण त्या भावना वाचायच्या कोणी, यावर जवळपास शंभर वर्षं वाद चालू आहे.

आधी एक घोटाळा दूर करू

आपल्याकडे 'संवेदी साहित्य' म्हटलं की मॉन्टेसरी आठवतात. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला जे काम केलं, त्याची एक मुळी तिथपर्यंत जाते. पण मॉन्टेसरी साहित्याचा हेतू वेगळा. लहानमोठ्या ठोकळ्यांचा मनोरा रचायचा तर त्याला एक बरोबर क्रम असतो, आणि मूल चुकलं तर ते साहित्यच त्याला दाखवून देतं. तिथे इंद्रियांचं शिक्षण होतं. वाळूला असा बरोबर क्रम नसतो. म्हणूनच भावनांचा अभ्यास करणारे लोक वाळू, पाणी आणि छोट्या खेळण्यांकडे वळले. प्रपोजलमध्ये या दोन परंपरा एकाच परिच्छेदात कोंबू नका. परीक्षक तिथेच पकडतात.

आगगाडी आणि स्टेशन

१९२० च्या दशकात मेलनी क्लाइन बर्लिनमध्ये लहान मुलांचं मनोविश्लेषण करत होत्या. मोठ्या माणसाला 'मनात येईल ते बोला' असं सांगता येतं. तीन वर्षांच्या मुलाला काय सांगणार? त्यांनी खेळणी दिली. लाकडी माणसं, गाड्या, प्राणी, घरं, सगळं लहान आणि साधं. प्रत्येक मुलाची खेळणी वेगळ्या खणात, कुलपात. १९२६ मध्ये त्या लंडनला आल्या.

त्यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेली डिक नावाच्या चार वर्षांच्या मुलाची केस जरूर वाचा. (हे त्याचं खरं नाव नव्हे.) डिक जवळजवळ बोलतच नव्हता. क्लाइनबाईंनी एक मोठी आणि एक लहान आगगाडी घेतली, मोठीला बाबांची गाडी म्हटलं आणि लहानला डिकची. डिकने लहान गाडी खिडकीपर्यंत ढकलली आणि 'स्टेशन' असं म्हणाला. त्यावर बाईंनी त्याला समजावलं की स्टेशन म्हणजे आई, आणि डिक आईच्या आत जातोय.

आता मोजा. यात मुलाचा शब्द एकच. बाकी सगळी गोष्ट बाईंची. त्यांच्या नोंदींनुसार डिक पुढे बराच सुधारला, हेही विसरून चालणार नाही. पण माझ्या वहीतली ती बस आठवून पाहा. मी तेच केलं होतं, तेही क्लाइन यांच्या प्रशिक्षणाशिवाय!

जादूचा खोका

त्याच शहरात मार्गारेट लोवेनफेल्ड (१८९०–१९७३) नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी पोलंडमध्ये डॉक्टर म्हणून काम केलं. युद्धकैदी, साथी, उपासमार, सगळं जवळून पाहिलं. माणसाच्या आत जे घडतं ते शब्दांत मावत नाही, हा त्यांच्या पुढच्या कामाचा पाया.

१९२८ मध्ये त्यांनी लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागात मुलांसाठी क्लिनिक उघडलं. एच. जी. वेल्स यांचं १९११ चं 'फ्लोअर गेम्स' हे पुस्तक त्यांच्या लक्षात राहिलं होतं. वेल्स आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर बेटं आणि शहरं उभी करत, त्याचं ते वर्णन. लोवेनफेल्डबाईंनी छोटी खेळणी, मणी, रंगीत काड्या, कागदाचे तुकडे, काड्यापेट्या असं एका खोक्यात गोळा केलं. मुलं त्याला जादूचा खोका म्हणू लागली. १९२९ मध्ये नव्या जागेत जस्ताचे दोन ट्रे आले, एकात वाळू, दुसऱ्यात पाणी. खेळणी कपाटात गेली. आणि मुलांनी स्वतःहून कपाटातली खेळणी वाळूत नेऊन मांडायला सुरुवात केली. त्या मांडणीला त्यांनी नाव दिलं 'जग'. पुढे पद्धतीचं नावच 'वर्ल्ड टेक्निक' पडलं.

म्हणजे मांडणी मुलांची, आणि नावही मुलांचं. पण इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायला हवं. मुलांनी असं केलं हे आपल्याला कळतं ते लोवेनफेल्ड यांच्या लिखाणातून आणि क्लिनिकच्या नोंदींतून. मुलांचा आवाज मोठ्यांच्या कागदांतूनच आपल्यापर्यंत येतो. त्यातल्या त्यात त्या कागदांचं वेगळेपण असं की तिथे प्रत्येक 'जगा'चं चित्र काढून ठेवत, काय आहे ते मुलाला विचारत, आणि अर्थ लावायची घाई करत नसत. एका मांडणीवरून निष्कर्ष नाही. अनेक आठवड्यांची मालिका पाहायची. मुलाने एकाच मोठ्या माणसाला चिकटून राहू नये म्हणून काम करणारी माणसंही बदलती ठेवत. खेळणं आणि मूल यांच्यामध्ये आपण कमीत कमी यावं, हा सगळा आटापिटा.

ट्रे तोच, वाचणारे बदलले

पुढे शार्लट ब्यूलर यांनी ठरावीक खेळण्यांचा संच करून यातून प्रमाणित चाचणी बनवली. आता मुलांची तुलना शक्य झाली, पण संचात नसलेली गोष्ट मूल मांडू शकत नाही, ही मर्यादाही आली. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ लंडनला लोवेनफेल्ड यांच्याकडे शिकायला गेल्या. परत जाऊन त्यांनी त्याच ट्रेला युंगच्या प्रतीकांच्या विचारांशी जोडलं. आज जगभर 'सँडप्ले' म्हणून जे चालतं ते मुख्यतः त्यांचं.

आता माझी बुजलेली बस या चौघींपुढे ठेवून पाहा. क्लाइन कदाचित आईवडिलांविषयीची कल्पना शोधतील. ब्यूलर संचातली कोणती खेळणी वापरली ते मोजतील. काल्फ प्रतीक पाहतील. लोवेनफेल्ड मुलाला विचारतील आणि पुढच्या आठवड्याची वाट पाहतील. वाळूत गाडलेली वस्तू तीच, पण 'डेटा' चार प्रकारचा.

तुमच्या प्रपोजलसाठी

पहिलं, वहीत तीन रकाने आखा : मुलाने काय केलं, मुलाने काय म्हटलं, मला काय वाटलं. तिसरा रकाना पहिल्या दोनांत सांडू देऊ नका.

दुसरं, 'सँड ट्रे वापरला' एवढं पुरेसं नाही. कोणत्या परंपरेतला, ते लिहा.

तिसरं, टोपलीत काय होतं याची यादी जोडा. बस होती म्हणून बस गाडली गेली. बैल असता तर?

चौथं, एका सत्रावरून मुलाविषयी वाक्य लिहू नका. आपली नोंद बाईंच्या हातात जाते, बाईंकडून पालकांच्या कानावर, आणि 'हा मुलगा वडिलांवर रागावलेला आहे' हे लेबल त्या मुलाला चिकटतं. आपला चॅप्टर संपतो, ते लेबल राहतं.

आणि हो, डेपोच्या उत्तराने माझं पहिलं वाक्य खोटं ठरलं असंही नाही. पहाटे डेपोतून बस कोण नेतं, हे त्या मुलाला चांगलं माहीत आहे. म्हणून ते वाक्य मी खोडलं नाही, प्रश्नचिन्हासकट तिसऱ्या रकान्यात नेलं. त्याचं 'झोपली होती' मात्र दुसऱ्या रकान्यात आहे, त्याच्याच शब्दांत.