उपासाला चालतं

पंढरपुरात किराणा दुकान चालवणाऱ्याला दोन धंदे करावे लागतात, एक किराण्याचा आणि एक शास्त्रीबुवांचा. दुसऱ्याचे पैसे मिळत नाहीत. दशमीच्या संध्याकाळी गल्ल्यासमोर गर्दी असते आणि कुणीतरी हातातली पुडी उलटीपालटी करत विचारतं, "माउली, हे उपासाला चालतं का?" मी तराजूवरची नजर न काढता सांगतो, "चालतं." नाहीतर, "नाही चालत." आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे दुकानाबरोबर ही यादीही आली. साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे, बटाटे, रताळी, हिरवी मिरची, जिरं, सैंधव चालतं. हळद, मोहरी, धने चालत नाहीत.

तीस वर्षं असे निकाल दिले, पण यादीकडे नीट बघितलं ते धाकट्या मुलीमुळे. सातवीत असताना तिला शाळेतून जगाचा कोरा नकाशा दिला होता. कुठलं पीक मूळचं कुठलं ते शोधून त्या त्या देशात लिहायचं. ती शेंगदाण्याच्या पोत्यावर बसून दुकानातल्या बरण्यांची नावं शोधत होती. शेंगदाणा? दक्षिण अमेरिका. बटाटा? तिकडचाच, पेरूच्या डोंगरातला. रताळं, मिरची, राजगिरा, साबुदाण्याचा कंद, सगळं एकाच कोपऱ्यात. दिवेलागणीपर्यंत अमेरिकेत लिहायला जागा उरली नाही. उपासाच्या फळीवरून आपल्या वाट्याला आली ती भगर. सैंधवाची खाण होती, तीही फाळणीत पलीकडे गेली. मग तिनं न चालणाऱ्या वस्तू घेतल्या. हळद पहिलीच निघाली, आणि ती अस्सल इथली.

तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. त्यात मला सगळ्यात जवळचा वाटला एक मुनीम. १५०० सालच्या मार्चमध्ये काब्राल नावाचा पोर्तुगीज सरदार तेरा जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला. जायचं होतं कालिकतला, मिरी आणायला. वास्को द गामा दोनच वर्षांपूर्वी वाट दाखवून गेला होता. आफ्रिकेला वळसा घालायला सोयीचा वारा धरावा म्हणून ही जहाजं समुद्रात बरीच पश्चिमेला सरकली आणि २२ एप्रिलला त्यांना जमीन दिसली. ती ब्राझीलची. कालिकतला उघडायच्या वखारीत लिखापढी करण्यासाठी नेमलेला पेरू वाश द कामिन्या याच जहाजांवर होता. त्यानं १ मे रोजी राजाला पत्र लिहिलं. इथले लोक नांगरत नाहीत, पेरत नाहीत, गुरं पाळत नाहीत, जमिनीतला एक कंद खातात, असं त्यात आहे. त्यानं आपल्या ओळखीच्या दुसऱ्या कंदाचं नाव दिलं, पण त्यानं पाहिला तो कसावा, असं अभ्यासक धरून चालतात. आपला साबुदाणा होतो तो याच कंदाचा.

तेरापैकी सहा जहाजांनी सप्टेंबरात कालिकत गाठलं. वखार उघडली, मालावरून आधीच्या व्यापाऱ्यांशी जुंपली आणि डिसेंबरात वखारीवर हल्ला झाला. पन्नासच्या वर पोर्तुगीज मेले. कामिन्या त्यातच गेला असं मानतात. साबुदाण्याच्या कंदाची कागदोपत्री नोंद करणारा हा माणूस त्याच वर्षी आपल्या किनाऱ्यावर संपला, आणि तोही मिरीच्या हिशेबाच्या वह्या सांभाळताना. दुकानदाराला असल्या गोष्टी विसरता येत नाहीत.

ते आले मिरीसाठी आणि ठेवून गेले मिरची. नावसुद्धा आपण मिरीवरूनच पाडलं. बटाट्याच्या नावाची तर निव्वळ अदलाबदल आहे. 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरचा आणि तिथे तो रताळ्याचा. युरोपात तो दोन्ही कंदांना चिकटला, पोर्तुगीजांनी तो इकडे आणला आणि आपण तो भलत्याच कंदाला देऊन बसलो.

साबुदाणा मात्र पोर्तुगीजांच्या जहाजातून थेट आपल्या खिचडीत पडला नाही. मधे बराच फेरा आहे. जुना साबुदाणा कसाव्याचा नव्हताच. मलाया, जावा इकडे सागू नावाचा ताड होतो, त्याच्या बुंध्यातल्या गराचे ते दाणे. आजोबा सांगायचे, "सिंगापूर पडलं आणि आपला साबुदाणा गेला." १९४२ च्या फेब्रुवारीत जपान्यांनी सिंगापूर घेतलं आणि तिकडचा माल बंद झाला. इकडे केरळात कसावा होताच. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० नंतर दुष्काळावर उतारा म्हणून त्याची लागवड वाढवली होती. सेलमच्या व्यापाऱ्यांनी युद्धाच्या टंचाईत तो कंद धरला आणि त्याचे दाणे पाडायला सुरुवात केली. युद्ध संपलं, पण साबुदाणा सेलमचाच राहिला. माझ्याकडच्या पोत्यांवरही तेच नाव असतं.

तो करतात कसा? कंद सोलायचा, किसायचा, पाण्यात धुऊन त्याचं दूध काढायचं. ते हौदात निवळलं की खाली सत्त्व बसतं. ते ओलसर असतानाच मोडून कापडाच्या झोळीत हलवत राहायचं, म्हणजे त्याचे गोल दाणे बांधतात. मग चाळायचं, तापलेल्या तव्यांवर भाजायचं आणि उन्हात वाळवायचं. ब्राझीलमधल्या आदिवासींचं काम याहून अवघड होतं, कारण तिथल्या कडू कसाव्यात विष असतं. त्याचा कीस ते वेताच्या लांबट विणलेल्या नळीत भरून टांगतात आणि नळी ताणून विषारी रस पिळून काढतात. आपल्याकडे बायका साबुदाणा दोन-तीन पाण्यांनी धुतात तो वरचं सुटं सत्त्व जावं म्हणून. ते राहिलं की खिचडीचा गोळा होतो आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

एका आषाढीला हे सगळं मी एका गृहस्थांना उत्साहात सांगितलं. त्यांनी किलोभर साबुदाणा परत फळीवर ठेवला. "परदेशी माल? आम्हाला कळलं ते बरं झालं." आणि त्याऐवजी राजगिऱ्याचे लाडू घेतले.

मी गप्प बसलो. धंद्यात जीभ किती चालवायची, ते तेव्हा शिकलो. पण या फळीवर लांबची असूनही सगळ्यात सोवळी वस्तू कुठली असेल तर ती राजगिरा. माठ, तांदुळजा या भाज्या त्याच कुळातल्या आणि आपल्या. दाण्याचा राजगिरा मात्र मेक्सिकोकडचा. तिथल्या अझ्टेक राजाकडे मक्याबरोबर राजगिराही कर म्हणून पोचवावा लागे. सणाला त्याच्या पिठात गोड पाक घालून देवाची मूर्ती घडवायची, पूजा करायची आणि मग तिचे तुकडे करून सगळ्यांनी प्रसाद म्हणून खायचे. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी त्यांची राजधानी जिंकली. पाद्र्यांना हा प्रसाद आपल्या धर्मविधीची थट्टा वाटली, त्यांनी तो बंद पाडला आणि पिकाचीही पडझड झाली. तरी मेक्सिको शहराच्या हद्दीतल्या तुल्येउआल्को गावी लोक अजून राजगिऱ्याच्या लाह्या फोडतात, मधात किंवा गुळासारख्या पाकात घालून वड्या थापतात. त्यांना म्हणतात अलेग्रिया, म्हणजे आनंद. मी चित्र बघितलंय. माझ्या बरणीत ठेवली तर सोलापुरातला माणूस चिक्की म्हणून घेऊन जाईल. तिथे देवामुळे जे पीक बदनाम झालं, ते इथे देवाच्या दिवशी चालतं.

यादीवर हसावं असं मला वाटत नाही. मूळ नियम सरळ होता. धान्य नको, कंदमुळं-फळं चालतील. नव्या वस्तू कंद म्हणून, फळ म्हणून आत आल्या, आणि जुन्या यादीत ज्याचं नावच नाही त्याला मनाई कोण करणार? शेंगदाण्याचं तेवढं पटत नाही. तो तूर-हरभऱ्याचा चुलतभाऊ. तूर अडवली आणि तो नव्या नावानं निसटला. हळदीचं मला वाटतं ते असं की ती रोजच्या फोडणीत आहे, आणि रोजचं सोडायचं याचंच नाव उपास.

दर आषाढीला हिशेब तोच असतो. दशमीला दुपारपर्यंत साबुदाण्याची पोती रिकामी होतात, रात्री शेंगदाणे संपतात. सांगलीची हळद मात्र द्वादशीच्या सकाळपर्यंत कुणी मागत नाही.