पायरीखालचं घर

पंढरीच्या महाद्वारी आपण नामदेव पायरीशी थांबतो. पायरीवर पाय ठेवत नाही, वाकून माथा टेकतो आणि मग पुढं जातो. पण त्या पायरीखाली कोण कोण आहे, याचा कधी विचार केलात का? परंपरा सांगते, इ. स. १३५० मध्ये नामदेवराय तिथं एकटे समाधिस्थ झाले नाहीत, घरची मंडळीही त्यांच्यासोबत होती. म्हणजे आपण माथा टेकतो तो एका अख्ख्या घरापुढं!

आता ते घर कसं होतं, पहा. वडील दामाशेटी, आई गोणाई. धंदा शिंप्याचा. एकदा दामाशेटी गावाला गेले, म्हणून नैवेद्याचं ताट लहानग्या नामदेवाच्या हाती आलं. देव जेवेना. पोर रडलं, हट्टाला पेटलं, आणि देव जेवला. ही कथा सुरू झाली की सगळं लक्ष जेवणाऱ्या देवाकडं जातं. मी म्हणतो, जरा अलीकडं थांबा. देव जेवतो, ही खात्री त्या लेकराला आली कुठून? बापाला रोज ताट घेऊन जाताना त्यानं पाहिलं होतं. बाप वाढतो त्या अर्थी देव जेवत असणारच. पोराचा हिशेब इतका साधा, बरं का! दामाशेटींनी त्याला काही समजावून सांगितलं नव्हतं.

आणि त्या घरात भांडणं नव्हती असं समजू नका. पोरगा धंदा टाकून विठ्ठलापाशी बसतो, म्हणून गोणाई देवाशीच भांडली. राजाईनं संसाराची ओढाताण बोलून दाखवली. गाथ्यात त्यांच्या नावाचे अभंग आहेत, त्यांत ही तक्रार उघड आहे. संतांच्या घरातसुद्धा पीठ संपत होतं, माउली. पण रागावायला, रडायला सगळे जात एकाच विठ्ठलापाशी.

त्याच घरात गंगाखेडची एक मुलगी आली, जनाबाई. ना पोटची, ना नात्याची. कामाला राहिली, दळण-कांडण करू लागली. पण त्या घरातलं नाम तिच्या कानावर पडलं आणि जात्यापाशी बसून ती संतपदाला पोचली. घरात देव असला की तो दुसऱ्याच्या लेकरालाही मिळतो.

पुढं १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. महाराज स्वतः ब्रह्मचारी, मूलबाळ नाही. पण किती घरची मुलं त्यांनी घडवली! ती मुलं माधुकरी मागून शिकली. शिकवलं गुरूंनी, जेवू घातलं गावानं. मीही आळंदीत झोळी घेऊन फिरलोय. एक म्हातारी आजी भाकरी वाढताना रोज विचारायची, "आज काय पाठ झालं रे?" तिला अक्षरओळख नव्हती. पण तिच्या दारात रिकाम्या तोंडानं जायची लाज वाटे, म्हणून मी पाठ करीत असे.

आता माझी चूक सांगतो. चाळीस वर्षं गावोगाव संस्कारावर बोललो. घरी मात्र महिन्यातून चार दिवस. आल्या आल्या मुलाला विचारायचं, "हरिपाठ झाला का?" त्यानं मला हरिपाठ म्हणताना पाहिलं ते लोकांपुढं, हार गळ्यात असताना. देवघरापुढं बसून म्हणताना कधी पाहिलंच नाही. तो दूर गेला. दोष कुणाचा? माझा. दामाशेटींचं ताट मी फक्त कीर्तनात वाढलं.

आता सांजेला घरी असलो की टाळ घेऊन देवघरापुढं बसतो. कुणाला हाक मारत नाही. नातू सुट्टीला आला की आपणहून मांडीला मांडी लावून बसतो. गेल्या दिवाळीत मुलगा उंबऱ्याशी उभा राहून ऐकत होता. मी मागं वळून पाहिलं नाही. म्हणत राहिलो.

तेव्हा माउली, लेकराला "म्हण" म्हणण्याआधी आपण म्हणूया. आणि शेजारचं पोर दारात आलं, तर त्या आजीसारखं विचारूया, "आज काय पाठ झालं रे?" यंदा पायरीशी माथा टेकाल, तेव्हा त्या घराला सांगा, आमचंही घर तुमच्यासारखं होऊ द्या.

रामकृष्ण हरी!