अर्ध्या मिलिग्रॅमचा हिशेब

शाळा मत्स्योदरीच्या टेकडीखालच्या अंबड गावातली असो की तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची, सहावीपासूनच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात. गुरुजी, ती आपल्याच हातून जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फोलिक ॲसिड असायचे. एका ग्रॅमचे दोन हजार वाटे केले तर त्यातला एक वाटा म्हणजे हा अर्धा मिलिग्रॅम! तो आत आहे की नाही, हे कसे कळावे?

या द्रव्याची कथा आपल्या मुंबईतच सुरू होते. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई तेथे आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका बाळंतपणाच्या दिवसांत रक्तक्षयाने दगावत. बाईंनी त्यांना यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन पाहिला आणि त्या सुधारल्या. १९३१ साली हे छापून आले. अर्कातले नेमके द्रव्य कोणते, हे मात्र तेव्हा बाईंनाही ठाऊक नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेत ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, म्हणून नाव फोलिक. १९४५ च्या सुमारास ते प्रयोगशाळेत तयार झाले, त्या मंडळींचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. लोहासोबत ते देण्याची देशव्यापी योजना १९७० साली निघाली.

मौज अशी की, त्याच १९४१ साली अमेरिकेत बेकमन यांचे मापनयंत्र बाजारात आले. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण द्रावणातून सोडायचे. द्रव्य जितके जास्त, तितका प्रकाश अधिक गिळला जातो. साधी काच हे किरण अडवते, म्हणून यंत्रात क्वार्ट्झ. पूर्वी जीवनसत्त्वे मोजायला उंदरांना कित्येक दिवस खाऊ घालून पाहावे लागे. आता अ जीवनसत्त्वासारख्यांचे काम मिनिटांवर आले.

पण एका गोळीत दोन द्रव्ये असली तर? याची युक्ती फीरोर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ सालीच सांगून ठेवली होती, आणि आपली पोरे ती फळ्यावर सोडवतात. कोंडवाड्यात कोंबड्या आणि शेळ्या मिळून डोकी १०, पाय २८. मग शेळ्या ४, कोंबड्या ६. तसेच प्रकाशाच्या दोन निरनिराळ्या लहरींवर दोनदा मोजायचे, दोन समीकरणे मांडायची आणि दोन्ही द्रव्यांचे प्रमाण काढायचे.

मात्र निळ्या गोळीपुढे ही युक्ती अपुरी पडते. लोह फोलिकच्या १२० पट! शेळ्यांच्या कळपात एकच कोंबडी असली आणि पाय मोजताना जरासे चुकले, तर कोंबडीच हरवते. गोळीचा रंगही प्रकाश गिळतो, ते वेगळेच. म्हणून फोलिक आधी वेगळे काढतात आणि मग किरणांपुढे धरतात. लोहाचा हिशेब दुसऱ्या रसायनाने करतात.

आणखी एक गोष्ट, गुरुजी. फोलिक ॲसिडला उजेड सोसत नाही. कारखान्यात भरलेला आकडा वर्गाच्या खिडकीत उघड्या पडलेल्या गोळ्यांत तेवढाच राहील, असे धरून चालू नये.